आतली गोलाई

टेबलावर आंघोळीची स्टुलं उलटी पडली होती. सगळी एकाच जागी तडकलेली. पाय जिथे बसण्याच्या भागाला मिळतो, नेमकी त्या कोपऱ्यात. कंपनीत प्लास्टिकच्या वस्तूंचं डिझाइन तीच करायची, तेव्हा सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"का मोडतायत ही?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

कारण तिला तोंडपाठ होतं. पूर्वी ही स्टुलं फिरत्या साच्यात व्हायची. प्लास्टिकची भुकटी वितळून भिंती जाडजूड व्हायच्या, कोपरे आपसूक गोल. यंदा काम दाबाच्या साच्यावर गेलं. त्यात भिंत पातळ येते. कोपऱ्याला आतून गोलाई आपल्याला द्यावी लागते, नाहीतर सगळा भार तिथेच एकवटतो. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण तो टोकदार कोपरा काय रेखीव दिसत होता! फोटोत तर उठून दिसायचा. तिने तो तसाच ठेवला.

"डिझाइनमध्ये काही नाही, सर. म्हातारी माणसं धपकन बसतात. तीच नीट बसत नाहीत, त्याला आपण काय करणार?"

साहेबांनी मान डोलावली. माल चालू राहिला. वेळ मारून नेल्याचं तिला इतकं हायसं वाटलं, की त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "बाबा बाथरूममध्ये पडलेत. घाबरू नकोस, पण ये."

बाबांच्या मनगटाला प्लास्टर होतं आणि चेहरा चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा. ती हात धुवायला बाथरूममध्ये गेली. स्टूल जागेवर नव्हतं. जुनं जाडजूड काढून नव्या साच्यातलं पहिलंवहिलं तिनेच मोठ्या दिमाखात आणून दिलं होतं.

"स्टूल कुठेय?" तिने बाहेर येऊन विचारलं.

आईने नुसतं पलंगाखाली पाहिलं. ती वाकली. टॉवेलात काहीतरी गुंडाळून आत सारलेलं होतं. टॉवेल सोडायच्या आधीच तुटका कोपरा तिच्या बोटांना लागला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, हे माझ्यामुळे..."

"गप गं. तुझ्या ऑफिसात उगाच बोभाटा नको." बाबांनी चांगल्या हाताने तिचा हात दाबला. "स्टुलात काही नाही. मीच नीट बसलो नाही."