गरुडतोंड्या सिंहाचा ठसा

"तुम्हीच ह्यांच्या मोहरेची दुसरी अंगठी केलीत ना? हो म्हणा दादा. मी रागावणार नाही," गाव्हिया म्हणाली.

हिलारसने कोरणी खाली ठेवली. अख्ख्या अक्विलेया शहरात त्याच्याइतका बारीक खडा कोरणारा दुसरा नव्हता. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

"बाई, एका गिऱ्हाइकाची मोहर मी दोनदा कोरत नाही. माझ्या पोटावर पाय आणताय का?"

गाव्हियाचा नवरा स्टाटियस गेल्या आठवड्यात वारला. मरताना काढलेली मोहरेची अंगठी चितेवर पुन्हा बोटात घालायची रीत. तशी ती घातलेली साऱ्या गावाने पाहिली. हिलारसनेही, लांबून. अंगठीतल्या तांबड्या अकीकावरचा गरुडतोंड्या सिंह त्यानेच कोरलेला होता. स्टाटियस महाकंजूष. नोकरांनी हात मारू नये म्हणून तेलाची कोठी, दारूची कोठी, सगळीकडे मेण लावून सिंहाचा ठसा उठवायचा. आता तो गेल्यावरही घरात तेच ठसे उठतायत, असं गाव्हिया सांगत आली होती.

"मेल्यावरही जीव कोठीतच अडकलाय म्हणायचा," हिलारस हसला.

गाव्हिया हसली नाही. "आधी तेलाच्या कोठीवर ठसा दिसला. मग दारूच्या. आज माझ्या निजायच्या खोलीवर होता, बाहेरून. दासीनं मेण तोडलं तेव्हा मी बाहेर पडले. मला त्या घरात जायची भीती वाटते हो."

तिने शालीच्या टोकातून मेणाचा तुकडा काढला. हिलारसला तिची कीव आली. त्याने तुकडा उजेडात धरला आणि त्याचा चेहरा खुलला.

"अहो, ही माझी मोहरच नव्हे! माझा सिंह ठशात उजवीकडे बघतो. हा बघा, डावीकडे बघतोय. कुण्या अडाण्यानं मेणावरचा ठसा समोर ठेवून तस्साच खड्यावर उतरवलाय. खडा उलटा कोरायचा असतो, एवढंही कळलं नाही गाढवाला! वर काठाचा टवकाही उडवलाय. भूतबीत काही नाही बाई. नकली अंगठी आहे. घरात कोणाकडे आहे ते शोधा आणि खुशाल झोपा."

गाव्हिया मटकन बाकावर बसली. मग तिने गळ्यातला दोरा वर ओढला. दोऱ्याला हिलारसने कोरलेली अंगठी होती.

"एवढा भारी खडा जाळायला जीव होईना," ती म्हणाली. "म्हणून चितेवर नकली घातली. टवका तेव्हाच उडाला, त्यांच्या ताठलेल्या बोटात सरकवताना."