समुद्राची रेघ

फोटोत अण्णा हसत होते, तिथंच बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

चाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी नवऱ्याचे शेकड्यांनी फोटो काढले होते. पुलावर, धबधब्यापुढे, दीपस्तंभाखाली. सगळीकडे तोंड एकच, दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं. आणि इथं समुद्रापुढे उभा राहून हा माणूस बत्तिशी दाखवत होता.

"टायमर लावला," अण्णा कपबशी विसळत म्हणाले. "कॅमेरा स्टँडवर ठेवला आणि पळत जाऊन उभा राहिलो."

"छान आलाय," बाई म्हणाल्या.

प्रवासातल्या फोटोबद्दल बाईंचं एक ठाम मत होतं. देखावा काय, पोस्टकार्डावर याहून बरा मिळतो. फोटोत बघायचं ते एवढंच, की त्या दिवशी तिथं कोण कोणाकडे बघत होतं. आणि यंत्राकडे बघून कोणी असं हसत नाही.

गुडघे गेले तसं बाईंचं फिरणं सुटलं होतं. "तू नाही तर तुझा कॅमेरा तरी फिरू दे," म्हणत अण्णा दर तीन महिन्यांनी चार दिवस एकटेच जाऊ लागले. जन्मभर नुसती बॅग उचलणाऱ्या माणसाला साठी उलटल्यावर छंद फुटला, याचं बाईंना तेव्हा कौतुकच वाटलं होतं. आता मात्र छपाईच्या दुकानातला माणूससुद्धा म्हणाला, "अण्णा दहा वर्षांनी तरुण झाले की हो, बाई!"

बाईंनी भिंग घेतलं आणि फोटो खिडकीपाशी नेले. सगळे डावीकडे कललेले. कोपऱ्यात गुलाबी, पुसट डाग, म्हणजे काचेवर कोणाचं तरी बोट आलेलं. आणि पाणी आभाळाला टेकतं ती समुद्राची रेघ! सपाट किनाऱ्यावर ही रेघ उभ्या माणसाला जिथं कापते, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर असतो. फोटोग्राफीच्या हौशी मंडळाच्या वर्गात बाईंनीच हे वर्षानुवर्षं शिकवलं होतं. इथं ती रेघ अण्णांच्या पट्ट्याच्या जेमतेम वर होती.

"गुडघा टेकून काढलाय," बाई पुटपुटल्या.

म्हणजे भवानी जाणकार होती. शिवाय तिचे गुडघे शाबूत होते, आणि हे दुसरं बाईंना पहिल्यापेक्षा जास्त झोंबलं.

पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्टँडची चकती काढून सुयांच्या डब्यात लपवली. चकतीशिवाय कॅमेरा स्टँडवर बसतच नाही. अण्णा शीळ घालत निघून गेले.

त्या चार दिवसांत रंगारी आला. घरभर रंग झाला. आतल्या खोलीच्या दाराची चौकट तेवढी बाईंनी सोडायला लावली. "लाकूड चांगलं आहे, राहू दे," त्या म्हणाल्या. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, लेकीच्या दर वाढदिवसाची एक. लेक मनाविरुद्ध लग्न करून गेली त्याला आठ वर्षं झाली होती. तिचं नाव या घरात काढायचं नाही, असं बाईंनीच बजावलं होतं, आणि अण्णांनी ते मुकाट्यानं पाळलं होतं. आता नवराही हातचा गेला तर? रिकाम्या खोलीत, रंगाच्या वासात, बाईंना खरोखरच भीती वाटली.

अण्णा परतले. नवे पंधरा फोटो. सगळ्यांत अण्णा, सगळ्यांत हसू, आणि एकात तर हातात आईस्क्रीमचे दोन कोन. घरी साखरेला हात न लावणारा माणूस!

"टायमरच का?" बाईंनी विचारलं.

"टायमरच."

बाईंनी सुयांचा डबा उघडून चकती टेबलावर ठेवली. अण्णांनी चकतीकडे बघितलं. चष्मा काढून त्यांनी उगाचच पुसला.

"म्हातारचळ म्हणतात याला," बाई म्हणाल्या. "कोण आहे ती?"

"अगं, तसं काही..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. फोटो मला वाचता येतात. तुमच्यासमोर गुडघे टेकून बसते ती, सगळं दिसतंय मला." बाईंचा आवाज फाटला. "माझ्यासाठी कधी हसलात असे? एकदा तरी?"

अण्णांनी चकती उचलून तळहातावर फिरवली.

"गुडघे नाही टेकत ती," शेवटी ते हळूच म्हणाले. "उभीच असते."

"उभी? एवढी बुटकी आहे?"

अण्णा उठले. न रंगवलेल्या चौकटीपाशी जाऊन वाकले, आणि खालून सहाव्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

"एवढी."