सहावा बावटा

घिवलीसमोर भरतीत बुडणारं एक खडप आहे. होड्या त्या दगडांवर फुटू नयेत म्हणून कृष्णकांत तांडेल दर दिवाळीनंतर तिथं बांबू रोवून लाल बावटे बांधतो. यंदा त्यानं आणि धाकट्या भावानं, धीरजनं, पाच रोवले. चौथ्या दिवशी सकाळी पाहतात तर सहावा बावटा, खडपापासून दूर, होड्यांच्या भर वाटेत उभा.

"कोनी का लावला असंना, पन काढाया पायजे," कृष्णकांत म्हणाला. "याला चुकवाया जाईल ती होडी नेमकी खडपावर चढंल."

होडी जवळ नेऊन धीरजनं शिसं बांधलेली दोरी सोडली. आठ वाव, म्हणजे जवळजवळ पन्नास फूट पाणी भरलं. एवढ्या लांबीचा बांबू उभ्या तालुक्यात मिळाला नसता. तरी तो सरळ उभा होता, लाटेनं हलतही नव्हता.

कृष्णकांतनं तो दोन्ही हातांनी ओढला. खालून कुणीतरी तेवढ्याच जोरानं धरून ठेवला.

त्यानं हात सोडले. "घरी चल," एवढंच म्हणाला.

धीरजनं मशीन चालू केलं. किनाऱ्यावरची सुरूची झाडं जवळ येऊ लागली, तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "हा आपल्यासंगं येतोय."

बावटा होडीपासून हातभरच अंतरावर होता.

तेवढ्यात मागून गावातलीच एक होडी परतताना दिसली. दोघं उभे राहिले, हात हलवले, नावं घेऊन हाका मारल्या. त्या होडीच्या तांडेलानं लाल बावटा पाहिला, सुकाणू फिरवलं आणि त्यांना लांबून वळसा घालून तो निघून गेला.