कोयत्यामागचं चित्र

मासळीबाजाराच्या मधोमध, हवेत तरंगणाऱ्या बातमीत, मंजुळा तांडेल कोयता उगारून उभी होती. "आंदोलकांच्या जमावाचा जहाजाच्या सुरक्षारक्षकावर हल्ला!" निवेदक ओरडत होता. जहाज कोणाचं, ते तिथे काय करतंय, याबद्दल अवाक्षर नाही.

खरी मंजुळा आपल्या पाटीमागे मान खाली घालून बसली होती. गिऱ्हाइकं तिला टाळून पुढे जात होती.

बातमीचं चित्र हाताने फिरवून मागचं बघायची सोय होऊन वर्ष उलटलं होतं. ज्या बाजूने जास्त लोक बघतील, तीच बाजू जगभर दिसायची. पण फिरवतो कोण?

"कल्ला उघडून बघितल्याशिवाय पापलेट घेत नाही तुम्ही, आणि बातमी घेता होय अशीच?" शेजारची धाकलीबाय गिऱ्हाइकांवर कडाडली आणि ओल्या हातानेच तिने चित्र फिरवलं.

जाळ्यात पाय अडकून रक्षक बुडत होता. मंजुळेचा कोयता ते जाळं कापत होता.

ती बाजू धरायला बाजारातले हात भराभर वर झाले. मंजुळा ताडकन उठली. "माझं पुरे! अजून फिरवा!"

चित्र आणखी वळलं. उपशाला बंदी असलेल्या खाडीचा तळ जहाज उपसत होतं आणि काळ्या पाण्यावर मेलेल्या माशांचा थर साचला होता. दूरदेशीच्या बंदरांतले लोकही आता तीच बाजू धरून बसले. निवेदकाने चित्र मागे ओढून पाहिलं, पण ते तसूभरही हललं नाही. शेवटी त्याने घसा खाकरला आणि पुटपुटत जहाजाच्या मालकाचं नाव घेतलं.

"मोठ्याने!" मंजुळा गरजली.