दोन सीटांची गाडी

आबांना आडवं केलं की श्वास कोंडत होता, म्हणून त्यांच्या मुलीने, चिमाने, त्यांना साहेबांच्या बंगल्याच्या पायरीवर उठवून बसवलं होतं. डॉक्टर सांगून गेले होते, तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात न्या, वेळ घालवू नका.

फाटकाशी दोन गाड्या उभ्या होत्या आणि दोन ड्रायव्हर भांडत होते.

"तुजी ही पावाची पेटी कामशेताला जाईस्तोवर माजी तळेगावात असंल," केरबा म्हणाला. साहेबांची तांबडी स्पोर्ट्स कार त्याच्या ताब्यात होती. जुनी, बुटकी, टप कधीच फाटून गेलेला. पण रस्त्याला लागली की कुणाला सापडत नसे.

"आन आबांची पोर कुटं बसंल? बॉनेटवर?" शेजारच्या शेठची कोरी व्हॅन भिमाजी चालवत असे. "हितं ती बापाला धरून तरी बसंल."

"बसंल की. पर पोचनार कवा? शेठनं चाळिसाच्या वर न्यायची न्हाई म्हनून बजावलंय का न्हाई तुला?"

"इंजन नवं हाय," भिमाजी पडेल आवाजात म्हणाला. "दाबीन मी. पर वाटंत बंद पडली तर मला बोल लावू नगा."

दोघांनी चिमाकडे पाहिलं. तिने व्हॅनमधला लांब बाक पाहिला. मग कारमधली ड्रायव्हरशेजारची एकुलती एक सीट पाहिली. आबांचे ओठ निळे पडू लागले होते.

"केरबाभाऊ, तुम्ही न्या," ती म्हणाली. "मी मागून व्हॅनने येते."

केरबाने दार उघडलं आणि चिमाच्या आधाराने गाडीशी आलेले आबा तिथेच थबकले. ही सीट ते वर्षानुवर्षं रोज सकाळी पुसत आले होते. बसले कधीच नव्हते.

"सायेब..."

"सायेब ममईला हायेत. बसा आबा, आजच्या दिस तुमीच सायेब."

आबा बसले, पण कडेला, ताठ, एक हात पुढे टेकवून.

"आबा, मागं रेला ना."

"घामानं डाग पडत्यात, पोरी," ते धापा टाकत म्हणाले. "कातड्याचं डाग जात न्हाईत."

गाडी उसळून निघाली.

वलवण मागे पडलं. भाताच्या मोकळ्या खाचरांमधून सरळ गेलेल्या रस्त्यावर चिमाला व्हॅनमधून ती तांबडी गाडी पुढे दिसत होती. टप नसल्यामुळे दोघांची डोकी दिसत होती. केरबा आरामात रेलला होता. आबा काठीसारखे ताठ होते. अंतर वाढत चाललं होतं.

"जरा दाबा ना, भिमाजीभाऊ."

"पन्नासाच्या वर गेलाय काटा, बाय. याच्या फुडं न्हाई जात ती."

कार्ल्याच्या फाट्याजवळ आबांची पाठ हळूहळू मागे गेली. मान सीटवर विसावली.

"टेकले बग एकदाचे," भिमाजी हसला. "आता बरं वाटंल त्यास्नी."

चिमाने मान डोलावली.

मग भिमाजीचं हसू विरलं. व्हॅनचा काटा होता तिथेच होता, तरी पुढची तांबडी गाडी जवळ येऊ लागली होती. केरबाने वेग सोडून दिला होता.