पाणी उतरलं की

म्यानमारहून जीव वाचवून आलेली सेनुआरा शिक्रापूरला झुंबरबाईंच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. कागद नाहीत म्हणून तिच्या नवऱ्याला कुठल्याच कंपनीत घेईनात, आणि धान्य देणाऱ्या संस्थेची मदतही दोन महिन्यांपासून थांबलेली. तेव्हापासून झुंबरबाई रोज चार भाकरी जास्तीच्या थापायच्या.

"तिचं गाव गेलं म्हनं," एवढंच सुनेनं त्यांना सांगितलं होतं. पुढं काही विचारायची गरजच नव्हती. झुंबरबाईंचंही गाव धरणात गेलेलं, म्हणून तर त्या इकडं पुनर्वसनात आलेल्या.

आज भाकरी हातात घेताना सेनुआराला रडू आवरेना.

"रडू नगं, पोरी," झुंबरबाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या देवळाचा कळस वर येतो. आमी समदी जाऊन नारळ फोडून येतो. तुजं गाव बी दिसंल."

"आजी, हमारा गाँव पानी में नहीं गया. जला दिया."

झुंबरबाईंचा हात तिच्या पाठीवर तसाच थांबला.




"मंग उन्हाळ्यात बी दिसायचं न्हाई?"