सभ्य लोकांचा रस्ता

थोरल्या बहिणीने बाजारामागच्या गल्लीतलं घर विकलं आणि झाडांच्या रुंद रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. एकटीच राहायची. धाकटी मात्र गल्लीतच राहिली, सायकलच्या दुकानाच्या वर.

"तुमच्याकडे माणसं बोलतात की भांडतात तेच कळत नाही गं," थोरली फोनवर नाक मुरडायची. "आमच्या रस्त्यावर कसं, कुणी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

सोमवारी सकाळी नऊला ती न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, उठता येईना. फोन बाहेर ओट्यावर वाजत राहिला आणि ती बारापर्यंत जिवाच्या आकांताने हाका मारत राहिली.

चार फोन करूनही उत्तर येईना तेव्हा धाकटी तडक खाली उतरली. गल्लीतल्या किल्लीवाल्याला हातातलं काम टाकायला लावून ती त्याच्याच स्कूटरवर आली. त्याने कुलूप उघडलं, थोरलीला चादरीत घालून दोघांनी खाली आणलं.

संध्याकाळी दवाखान्यात थोरली म्हणाली, "शेजारी कुणी घरात नसणार गं. नाहीतर आले असते."

धाकटीने हातातला फोन पालथा ठेवला. नातेवाइकांना कळवायला तिने थोरलीचा फोन उघडला होता. इमारतीच्या ग्रुपवर सकाळी साडेनऊला भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा मेसेज होता.

 

"तिसऱ्या मजल्यावर एक बाई केव्हाच्या ओरडत आहेत. हा सभ्य लोकांचा रस्ता आहे, कृपया भान ठेवावे." खाली अकरा जणांनी अंगठ्याची खूण टाकून संमती दिली होती.